‘ते आता सिनेगॉग थोडंच आहे?’ : जर्मनीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
जर्मनीतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि त्यांच्यासोबत वर्षभर सणवार करणारी सगळी मराठी कुटुंबं,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या मंडळाची दिवाळीची बैठक होती. नेहमीचा शाळेचा हॉल दुरुस्तीसाठी बंद, म्हणून दुसरी जागा शोधणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, शेजारच्या गावात नगरपालिकेचा सांस्कृतिक हॉल आहे, शंभरेक माणसं आरामात बसतात, भाडं निम्मं, शिवाय गाण्याला आवाज छान घुमतो. जागा मला ठाऊक होती. मी म्हटलं, ‘अहो, ते सिनेगॉग आहे, ज्यूंचं प्रार्थनाघर.’ लगेच उत्तर आलं, ‘होतं. ते आता सिनेगॉग थोडंच आहे?’

म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बैठक पुढे सरकली. चकल्या कोण करणार, करंज्या कोण आणणार, यावर आली. मी तिथेच अडकून राहिले. त्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलं नाही आणि गप्प बसल्याची रुखरुख अजून जात नाही. हे पत्र म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर. त्या एका बैठकीपुरतं ते नाही. तुमच्यापैकी किती तरी जण आता म्युनिक-फ्रँकफर्ट सोडून लहान गावांत घरं घेऊन राहू लागला आहात, मुलांना तिथल्या शाळांत घालता आहात. ज्या गल्लीतून तुम्ही पाव आणायला जाता, तिथे अशी एखादी इमारत असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

मी मूळची अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे आणि त्या आळीत मागेन अबोथ हे १८४८ सालचं सिनेगॉग. लहानपणी आम्ही त्याला सिनेगॉग म्हणत नसू, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, असे आमचे शेजारीही म्हणत नसत. ती ‘मशीद’. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेलं शआर हारहमीम तीही मशीद; मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटलं गेलेली ही माणसं पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं लावत, घरात मराठी बोलत, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करत, त्यात पोहे, गूळ, खोबरं आपल्यासारखंच. १९४८ नंतर एकेक घर इस्रायलला गेलं. निरोप द्यायला सगळी आळी एसटी स्टँडवर जायची, असं आई सांगते. मागे राहिलेल्यांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं अवघड होत गेलं. कोकणातल्या गावोगावच्या मशिदींची किल्ली मग एखाद-दुसऱ्या घरात राहिली.

ओस पडलेलं सिनेगॉग म्हटलं की माझ्या मनात हे यायचं: एसटीचा धुरळा, डोळे पुसणारी शेजारीण, आठ महिन्यांनी तेल अवीवहून आलेलं पत्र. ही समजूत घेऊनच मी जर्मनीत आले, आणि इथे ती साफ मोडली.

आमचं गाव माइन नदीच्या काठचं, बव्हेरियातल्या उंटरफ्रांकेन भागातलं. बेकरीकडे जाणाऱ्या बोळात एक जाडजूड भिंतींची इमारत आहे. दोन उंच कमानी खिडक्या विटांनी बुजवलेल्या, समोर ट्रॅक्टर आत जाईल एवढं लाकडी दार. चार वर्षं मी तिच्यावरून जात होते आणि ते कुणाचं तरी धान्याचं कोठार आहे असंच धरून चालले होते. एका सकाळी पाऊस आला म्हणून बाजूच्या लहान दाराच्या आडोशाला उभी राहिले. चौकटीच्या उजव्या बाजूच्या दगडात, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची एक तिरपी खाच दिसली. तिच्यावरून अनेक थरांचा रंग फिरलेला होता, तरी आकार बुजला नव्हता. अलिबागला शेजारच्या घरात प्रत्येक दारावर त्याच जागी, तशीच तिरपी, मेझुझाची, म्हणजे आत धर्मवचनाची गुंडाळी असलेली, नळी असायची. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची, हे मी हजारदा पाहिलं होतं. त्या पावसात माझा हात आपोआप त्या खाचेकडे गेला. आत काही नव्हतं.

किल्ली एका आजींकडे आहे. गावच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या, आता ऐंशी ओलांडल्या आहेत. त्या ज्यू नाहीत. गावात ज्यू कुणीच नाही. त्यांनी दार उघडलं तेव्हा आत जुन्या गवताचा आणि डिझेलचा वास होता. जमिनीवर तेलाचे काळे डाग. वर पाहिलं तर छताच्या मधोमध एक लोखंडी आकडा, झुंबराचा. पूर्वेच्या भिंतीत, जिथे तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट असतं, तिथला कोनाडा सिमेंटने भरलेला, पण कडेच्या दगडी नक्षीचा एक द्राक्षघोस बाहेर राहिलेला. आजींनी विजेरी त्यावर धरली आणि काही बोलल्या नाहीत.

ज्यू माणसं या खेड्यापाड्यांत आली कशी, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. ज्यू म्हटलं की आपल्याला बर्लिन, फ्रँकफर्ट, मोठे बँकवाले आणि शास्त्रज्ञ आठवतात. पण न्युर्नबेर्गने १४९९ मध्ये आपल्या ज्यूंना हाकललं, रेगेन्सबुर्गने १५१९ मध्ये. इतर शहरांनी आधी-नंतर तेच केलं. ते आसपासच्या खेड्यांत आले. फ्रांकेन, श्वाबेन, हेसेन या भागांत बारक्या सरदारांच्या जहागिऱ्या होत्या आणि संरक्षणाच्या बदल्यात कर मिळतो म्हणून त्यांनी ज्यू कुटुंबांना आसरा दिला. जमीन घ्यायला सहसा मनाई, कारागिरांच्या संघांत शिरकाव नाही. मग उरलं ते गुरांची खरेदी-विक्री, धान्य आणि वाइनचा व्यापार, कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणं. आपल्या बैलबाजारात ज्याला हेडी म्हणतात, तो या मुलखात पुष्कळदा ज्यू असे. गरीब शेतकऱ्याला गाय उधारीवर देणारा, वासरू विकलं गेलं की हिशेब करणारा. दोघांना एकमेकांची गरज होती. एकाच विहिरीचं पाणी होतं.

बव्हेरियात १८१३ च्या कायद्याने प्रत्येक गावात किती ज्यू कुटुंबं राहू शकतील याची यादीच बांधून टाकली. यादीतला क्रमांक मोकळा झाल्याशिवाय धाकट्या मुलाला त्या गावात संसार मांडता येईना. तेव्हा तरणी मुलं अमेरिकेच्या बोटीत बसली. ज्याच्या नावाची जीन्स आपण घालतो तो लेवी श्ट्राउस बुटेनहाइम या फ्रांकेनमधल्या गावात १८२९ साली जन्मला. व्युर्त्सबुर्गजवळच्या रिम्पारमधल्या एका गुरांच्या व्यापाऱ्याचे मुलगे गेले आणि अमेरिकेत लेमन ब्रदर्स ही पेढी उभी राहिली. १८६१ मध्ये ती यादी रद्द झाल्यावर राहिलेल्यांपैकी अनेकांनी शहरांची वाट धरली. म्हणजे गावं आधीच थोडी रिकामी होत होती, आपल्या कोकणासारखी पोटापाण्यासाठी. पण कुलूप लागलेलं नव्हतं.

या खेड्यांतली सिनेगॉगं बाहेरून साधी असत. शेजारच्या घरांसारखंच उतरतं कौलारू छप्पर, फक्त खिडक्या उंच आणि कमानीच्या. आत बायकांसाठी वरचा सज्जा, बाजूला किंवा खाली मिक्वे म्हणजे शुद्धिस्नानाचं पाणी, लागून शिक्षकाची खोली. फ्रांकेनमधल्या अनेक सिनेगॉगांच्या बाहेरच्या भिंतीत एक कोरीव दगड बसवलेला दिसतो. त्यावर बहुधा तारा आणि ‘मझल तोव’ या शुभेच्छेची अक्षरं. लग्न लागलं की नवरदेव त्या दगडावर काचेचा पेला फेकून फोडायचा. गावातली सगळी पोरं, ख्रिस्ती घरांतलीसुद्धा, ते बघायला जमत असणार. पेल्यांच्या माऱ्याने टवके उडालेला असा दगड मी एकदा हाताने चाचपून पाहिला आहे. त्या इमारतीतल्या शेवटच्या सुखाची तेवढी खूण उरली होती.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी नाझींच्या हल्ल्यांत देशभर १४०० हून जास्त सिनेगॉगं आणि प्रार्थनागृहं उद्ध्वस्त झाली. शहरांतल्या आगींची छायाचित्रं सर्वांनी पाहिली आहेत. अग्निशमन दलाला हुकूम होता: शेजारची घरं सांभाळा, सिनेगॉग जळू द्या. खेड्यांत मात्र पुष्कळ ठिकाणी आग लावलीच नाही, आणि यामागे दया नव्हती. लाकडी चौकटीची घरं भिंतीला भिंत लावून उभी, बाजूला गवताने भरलेले गोठे. सिनेगॉग पेटवलं असतं तर गावच पेटलं असतं. उत्तरेकडच्या त्सेले इथलं १७४० चं सिनेगॉग याच भीतीमुळे उभं राहिलं. तेव्हा कुऱ्हाडी आणि घण आले. बाक फोडले, झुंबर खाली ओढलं, तोराच्या गुंडाळ्या रस्त्यावर उलगडून तुडवल्या, लाकूड गावाबाहेर नेऊन जाळलं. काही माणसं ट्रकमधून बाहेरगावाहून आली होती. काही त्याच बोळातली होती.

ज्या थोड्या इमारती आतूनही वाचल्या, त्या बहुतेक आधीच विकल्या गेल्या होत्या म्हणून. कोलोनजवळच्या श्टोमेल्न गावात १८८२ साली बांधलेलं सिनेगॉग तिथली वस्ती ओसरल्यामुळे १९३७ मध्ये एका शेतकऱ्याला विकलेलं होतं. त्याची अवजारं आत होती, म्हणून ते टिकलं.

मग माणसं नेली. बाडेन भागातल्या किप्पेनहाइममध्ये १८५२ साली पूर्ण झालेलं, दोन बुरुजांचं देखणं सिनेगॉग आहे. तिथल्या ज्यूंना २२ ऑक्टोबर १९४० रोजी घराबाहेर काढून ट्रकमध्ये बसवलं, त्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत. दिवसाउजेडी काढलेली. त्या दिवसात बाडेन आणि लगतच्या प्रदेशातून साडेसहा हजारांवर माणसं पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी गुर्स इथल्या छावणीत नेली गेली. त्या चित्रांतल्या बायकांनी चांगले कोट घातले आहेत, हातात पिशव्या आहेत. प्रवासाला निघताना आपण करतो तसे केस नीट बांधलेले आहेत.

आमच्या भागातल्या दोन हजारांहून जास्त ज्यूंना व्युर्त्सबुर्गमार्गे पूर्वेकडे धाडलं. व्युर्त्सबुर्गच्या मुख्य स्टेशनासमोर २०२० पासून एक स्मारक आहे. तिथे ट्रंका, वळकट्या, पाठपिशव्या ठेवलेल्या दिसतात, दगडाच्या, धातूच्या, काँक्रीटच्या. उंटरफ्रांकेनमध्ये १०९ ज्यू वस्त्या होत्या. त्या त्या गावाने आपापल्या वस्तीच्या नावाने एक सामान बनवायचं आणि त्याचंच जुळं आपल्या गावात ठेवायचं, अशी ही योजना. तुमच्यातले कित्येक जण त्या स्टेशनावर गाडी बदलतात. पुढच्या वेळी दहा मिनिटं बाहेर या. एखादी वळकटी इतकी खरी वाटते की कुणीतरी विसरून गेलं असं समजून आपण मागे वळून पाहतो.

युद्ध संपलं. इमारती उभ्या होत्या, मालक नव्हते. अमेरिकन विभागात बेवारस ज्यू मालमत्ता एका ज्यू वारस-संस्थेकडे सोपवली गेली. वाचलेल्या माणसांना जगवायला पैसा हवा होता, म्हणून तिने त्या विकल्या. गावांनी घेतल्या, शेतकऱ्यांनी, सहकारी सोसायट्यांनी. किप्पेनहाइमचं सिनेगॉग शेतमालाचं गोदाम झालं. हायगरलोखचं १७८३ सालचं सिनेगॉग आधी सिनेमाचं थिएटर, मग किराण्याचं सुपरमार्केट, मग कपड्याच्या मालाची वखार. नीडरत्सिसेनचं १८४१ सालचं तर युद्धाच्या आधीच लोहाराकडे गेलेलं, भट्टी लावून. श्वाबेनमधल्या इखेनहाउझेनच्या १७८१ सालच्या सिनेगॉगात अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या राहिल्या. कित्येक इमारती पन्नास-साठच्या दशकांत रस्ता रुंद करायला, वाहनतळाला जागा हवी म्हणून पाडल्या गेल्या, आणि ते करणारे लोक क्रूर नव्हते. त्यांना ती नुसती जागा दिसत होती. मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, कारण चार वर्षं मलाही नुसतं कोठारच दिसत होतं.

व्युर्त्सबुर्गच्या वेशीवरच्या फाइट्सहोखहाइमची हकीकत मी जरा सविस्तर सांगते, कारण ती जागा तुम्ही एका दुपारी पाहू शकता. राजवाड्याच्या बागेमुळे मराठी मंडळी तिथे जातातच. तिथलं १७३० सालचं सिनेगॉग १९३८ मध्ये गावाने घेतलं आणि त्याचं अग्निशमन केंद्र केलं. गाड्यांसाठी जमीन सपाट हवी होती, म्हणून तोराचा दगडी देव्हारा आणि मधला वाचनाचा ओटा फोडून त्याचे तुकडे भराव म्हणून खाली दाबले. १९८६ मध्ये फरशी उखडली तेव्हा ते तुकडे हाती आले. एकेक जोडून देव्हारा पुन्हा उभा केला. आज तिथे गेलात तर जुना दगड आणि नवा दगड यांतला सांधा डोळ्यांना दिसतो. कुठे काय मोडलं होतं ते झाकलेलं नाही. १९९४ पासून ते पुन्हा सिनेगॉग आणि सोबत संग्रहालय आहे.

त्याच वेळी पोटमाळ्यावर गेनिझा सापडला. ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो ज्यू माणूस केरात टाकत नाही. फाटकी प्रार्थनापुस्तकं माळ्यावर साठवतात किंवा दफन करतात. जीर्ण पोथी रद्दीत न घालता नदीत सोडणारी माणसं आपण, आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या ढिगांत पंचांगं असतात, हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या यिडिश या ज्यू बोलीतल्या गोष्टी, पत्रं, प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या तेफिलिनचे चामडी पट्टे, कापडी पिशव्या. गावच्या फेरीवाल्याने जत्रेत विकत घेतलेलं स्वस्त पुस्तक, बाईने बाळंतपणात उशाशी ठेवलेला ताईत. फ्रांकेनमधल्या कित्येक गावांचे असे माळे त्या संग्रहालयाने तपासले आणि नोंदवले. राजेरजवाड्यांची कागदपत्रं सगळीकडे जपली जातात. गुरांच्या हेड्याच्या घरातलं पुस्तक फक्त इथे, उंदरांनी कुरतडलेलं का होईना, उरलं.

हेसेनमध्ये हे काम एका बाईने जवळपास एकटीने हाती घेतलं. थेआ आल्टारास. १९२४ साली झाग्रेबमध्ये जन्मलेली, स्वतः त्या काळातून वाचलेली ज्यू वास्तुविशारद. साठच्या दशकात ती गीसेनला राहायला आली आणि नंतरची वर्षं गावोगाव फिरून विचारत राहिली: तुमच्या गावचं सिनेगॉग कुठे आहे, १९४५ नंतर त्याचं काय झालं? कोंबड्यांच्या खुराड्यामागे, गॅरेजच्या भिंतीत, कुणाच्या झोपायच्या खोलीत तिने कमानी ओळखल्या, मापं घेतली, नकाशे काढले. मारबुर्गजवळच्या वोह्रा गावात लाकडी चौकटीचं एक छोटं सिनेगॉग मोडकळीला आलं होतं. ते वाशावासा सोडवून गीसेनला नेलं आणि १९९५ मध्ये तिथल्या ज्यू समाजासाठी पुन्हा उभं केलं. त्यात आज प्रार्थना होते. सोव्हिएत संघातून आलेल्या कुटुंबांनी जर्मनीतले ज्यू समाज नव्वदनंतर पुन्हा भरले, पण ते शहरांत. खेड्यांत परत कुणी आलं नाही. म्हणून वोह्राचं सिनेगॉग माणसांकडे गेलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

त्याहून लांबचा प्रवास हॉर्बचा. माइनकाठच्या या खेड्यातल्या लाकडी सिनेगॉगाचं छत १७३५ साली एलिएझर झुसमान या पूर्वेकडून आलेल्या चित्रकाराने फुलं, वेली, सिंह यांनी रंगवलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सापडलं तेव्हा त्याच्याखाली गवत रचलेलं होतं. ते बांबेर्गला नेलं म्हणून १९३८ चुकलं. आज ते जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे, आणि त्याच दालनांत कोचीचं कडवुंभागम सिनेगॉगही आहे, केरळमधून उचलून नेलेलं. एक समाज आपखुशीने गेला, दुसरा मारला गेला. दोघांची छतं आता शेजारी आहेत. मी तिथे दोन्हींच्या मध्ये बराच वेळ उभी होते. अलिबागची असल्यामुळे मला एका बाजूला घरचं आठवत होतं, राहते फ्रांकेनमध्ये म्हणून दुसऱ्या बाजूलाही.

पुन्हा उभारायचं तर कसं, यावर इथे खूप वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला सगळं चकचकीत, नव्या रंगाचं केलेलं आवडत नाही. आत शिरल्यावर वाटतं, इथे काही घडलंच नाही. बायझिंगेनचं १७८४ सालचं सिनेगॉग एका शेतकऱ्याचं कोठार होतं. दुरुस्ती करणाऱ्यांनी कुऱ्हाडीचे घाव आणि कोठाराच्या खुणा, दोन्ही तशाच ठेवल्या. उंटरफ्रांकेनमधल्या मेमेल्सडॉर्फलाही तेच धोरण. उलट श्टोमेल्नमध्ये कलावंतांना ती रिकामी जागा देत आले आहेत. त्यातली पुष्कळ कामं शांत, विचारी होती. पण २००६ मध्ये एकाने मोटारींचा धूर आत सोडला, ज्यू संघटनांनी निषेध केला आणि ते बंद करावं लागलं. ते चुकलंच होतं, असं माझं ठाम मत आहे. रेक्सिंगेनचं सिनेगॉग १९५२ पासून प्रोटेस्टंट चर्च आहे. तिथल्या बऱ्याच कुटुंबांनी १९३८ मध्ये गटाने पॅलेस्टाइनला जाऊन शवेई त्सियोन नावाचं गाव वसवलं. बाकीच्यांना तो मार्ग मिळाला नाही. प्रार्थनेच्या जागी प्रार्थना होते हे मला सुपरमार्केटपेक्षा बरं वाटतं. ज्यू वाचकाला कदाचित वाटणार नाही, आणि तिथे त्याचं म्हणणं माझ्यापेक्षा मोठं.

आता मंडळाच्या बैठकीतल्या प्रश्नाकडे येते. ‘ते आता सिनेगॉग थोडंच आहे?’ कागदोपत्री नाही. गाव ते भाड्याने देतं, तिथे व्हायोलिन वाजतं, वाचनं होतात. भाडं भरलं की आपल्यालाही मिळेल. पण ते ‘पूर्वीचं’ झालं ते कालगतीने नाही. शेजाऱ्यांनी केलं, ठरावीक तारखेला, आणि त्या रात्री बघत उभे राहिलेल्यांची नातवंडं आज आपली शेजारी आहेत. त्यांच्यातल्याच काहींनी नंतर पदरमोड करून, तीस-चाळीस वर्षं रविवार घालवून ते वाचवलं. एवढं सगळं ज्या भिंतींनी पाहिलं, तिथे नाव न घेता, दाराशी क्षणभर न थांबता आपण फराळाची टेबलं मांडावीत हे मला पटत नाही. नाव घेऊन, सुरुवातीला गावच्या माणसाकडून त्या घराची गोष्ट ऐकून, मग दिवा लावणार असाल तर मी पहिली येईन. डीजे मात्र तिथे नको.

आणखी एक बोलायचं आहे आणि ते मला जड जातं. आपल्या घरगुती गप्पांत अजून कुणीतरी सहज म्हणून जातं, ‘एक हिटलर पाहिजे, मग येईल शिस्त.’ त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद आपल्याकडे दुकानांत राजरोस मिळतो. आपण तो पाहत वाढलो. महाराष्ट्रात असताना ते कानाआड गेलं असेल. इथे, या बोळांत राहून, जाऊ देता येत नाही. मुलं ऐकतात आणि सोमवारी वर्गात बोलतात. शिवाय दारावरचं स्वस्तिक या लोकांना समजावून सांगायची वेळ आपल्यावर सारखी येते. त्यांनी आपलं ऐकावं असं वाटत असेल, तर त्यांच्या गावात त्या दुसऱ्या चिन्हाखाली काय झालं ते आपल्याला रस्त्याच्या नावानिशी ठाऊक असलं पाहिजे.

म्हणून मंडळांकडे मागणं आहे. आपापल्या गावात ‘युडेनगासे’ (ज्यू गल्ली), ‘सिनागोगेनगासे’ (सिनेगॉग गल्ली) अशी गल्ली आहे का पाहा. गल्ली असेल तर घर असतं, निदान त्याची जागा तरी. त्या घराची काळजी घेणारी स्थानिक संस्था शोधा आणि तिचे सभासद व्हा. वर्गणी बहुधा आपल्या एका सिनेमाच्या तिकिटांहून फार नसते, पण या संस्थांना पैशाइतकीच माणसं हवी आहेत. ज्या पिढीने १९८८ मध्ये, त्या रात्रीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ही घरं वाचवायला सुरुवात केली, ती आता सत्तरी-ऐंशीत आहे. शिडीवर चढणारे हात कमी झालेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशभर वारसा-वास्तू लोकांसाठी उघडतात, त्या दिवशी दाराशी बसायला, पाहुण्यांना इंग्रजीत सांगायला माणूस लागतो. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गावात पाच-पंचवीस लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. तिथे आपलं एखादं कुटुंब असावं. आणि तुमच्यात कुणी रायगडचे असाल, तर त्यांना आपल्या मशिदींबद्दल जरूर सांगा. मी आजींना पेण, रेवदंडा, पनवेलची सिनेगॉगं नकाशावर दाखवली, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, ‘आणि त्यांना कुणी काही केलं नाही?’ मी म्हटलं, ‘नाही.’ त्यांनी ते आणखी एकदा विचारलं.

आमच्या गावातल्या इमारतीची अजून दुरुस्ती सुरू झालेली नाही. वारसा म्हणून नोंद झाली आहे, छपराचे पैसे मंजूर व्हायचे आहेत. तोपर्यंत आत साठलेलं जुनं गवत, फुटकी कौलं आणि कबुतरांची घाण काढायची आहे; काढताना प्रत्येक पाटी चाळून बघायची, कारण माळ्यावरून काहीही खाली पडलेलं असू शकतं. मागच्या वेळी एक चामड्याचं बटण आणि छापील हिब्रूचा दोन बोटं रुंदीचा कपटा सापडला. आजींनी तो दोन काचांमध्ये ठेवला आहे.

पुढची सफाई महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी एक वाजता. जाड हातमोजे आणि मास्क आणा, चहा मी करून आणते. अंधार पडायच्या आत काम थांबतं. शनिवारी त्या घरात झाडूसुद्धा फिरवायचा नाही, हा आजींचा नियम आहे. तिथे हरकत घ्यायला आता कुणी नसलं तरी.

आपली,
माइनकाठच्या एका गावात राहणारी, मूळची अलिबागची एक सभासद